कार कॅरियरवर पहिल्यांदा जाणाऱ्या कॅडेटसाठी: टाकीचं माप स्वतः घ्या

सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इंडोस (खलाशाचा नोंदणी नंबर), डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) हे सगळं तुमचं झालंय असं धरून चालतो. पहिलंच जहाज कार कॅरियर मिळालं म्हणून तोंड पाडून बसलेल्यांसाठी हे लिहितोय. मीही तसाच बसलो होतो. बॅचमधली पोरं टँकरवर गेली आणि माझ्या वाट्याला आली ही बारा मजल्यांची तरंगती पार्किंग.

काम दिसायला सोपं. चाकणहून आलेल्या गाड्या मुंबई बंदरात रांगेत उभ्या असतात. बंदरातले ड्रायव्हर त्या मागच्या रॅम्पवरून आत घालतात, आपण जागा दाखवायची. शेजारच्या गाडीत अंतर साधारण 10 सेंटिमीटर, पुढच्या-मागच्यात 30. म्हणजे दोन रांगांमधून आडवं होऊन, पोट आत घेऊन सरकायचं. पट्ट्याचं बकल, घड्याळ, अंगठी आधी काढा. ओरखडा पडला की फोटो निघतात, मग रिपोर्ट. हँडब्रेक, गिअर, लॅशिंगचे (गाड्या डेकला बांधायचे) पट्टे हे बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दोन दिवसांत शिकवतो. त्याच्या मागे मागे राहा. कॅप्टनपुढे हुशारी दाखवण्यापेक्षा तिथे जास्त मिळतं, असं माझं स्पष्ट मत आहे. धुराने डोकं जड झालं की पंखे चालू आहेत का विचारा आणि वर मोकळ्या हवेत या. त्यात लाज नाही.

आता मी जिथे आपटलो ते.

दुसरा आठवडा, लोडिंगचा शेवटचा तास. चीफ ऑफिसरने बॅलास्ट टाक्यांची (जहाज स्थिर ठेवायला तळाशी भरलेल्या पाण्याच्या टाक्या) सगळी साउंडिंग घ्यायला सांगितली, म्हणजे पाइपमधून टेप सोडून पाणी किती आहे ते मोजायचं. तीन नंबर पोर्टचा (डाव्या बाजूच्या टाकीचा) पाइप खालच्या डेकवर आहे, आणि त्याच्या टोपीवर नेमकी एक एसयूव्ही उभी. ती हलवायची तर मागच्या चार हलवाव्या लागणार, ड्रायव्हर तर केव्हाच उतरून गेलेले. मी कालच्या कागदावरचा आकडा उतरवला. कोण बघतंय?

चीफ मालवणचे. कागद हातात घेतला आणि म्हणाले, "तीन पोर्टचं माप खंयसून हाडलंस?" (कुठून आणलंस?) मी गप्प. मग शुद्ध मराठीत, अगदी हळू आवाजात: "सकाळी मी स्वतः त्यातलं पाणी काढलंय. इथे टाकी अजून भरलेली दिसते." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हे जरा लांबवून सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. कार कॅरियर उंच, बाजू भिंतीसारख्या सरळ, आणि गाड्या वरच्या मजल्यांपर्यंत खच्चून. तळाला वजन असतं ते मुख्यतः बॅलास्टच्या पाण्याचं. संगणक जीएम (जहाज किती स्थिर आहे ते सांगणारा आकडा) काढतो तो आपण भरलेल्या आकड्यांवरून; टाकीत प्रत्यक्ष पाणी किती आहे हे त्याला कोण सांगणार? कागदावर टाकी भरलेली आणि खरी रिकामी असेल, तर पडद्यावर जहाज स्थिर दिसतं आणि पहिल्या मोठ्या वळणाला झुकतं ते परत उभं राहत नाही.

3 जानेवारी 2015 ला साउदॅम्प्टनहून निघालेलं 'होएग ओसाका' हे कार कॅरियर असंच कललं आणि ब्रॅम्बल बँक नावाच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर टेकलं. चौकशीत निघालं की बॅलास्टचे आकडे अंदाजाने धरले होते आणि ते खऱ्या पाण्याशी जुळत नव्हते. 8 सप्टेंबर 2019 ला अमेरिकेत ब्रन्सविक बंदरातून बाहेर पडताना 'गोल्डन रे' आडवं झालं, पोटात 4 हजारांहून जास्त गाड्या. तिथे बॅलास्टचे आकडे संगणकात चुकीचे भरले गेले होते. इंजिनरूममधल्या चौघांना दुसऱ्या दिवशी पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. सगळे वाचले. जहाजाचे मात्र पुढे आठ तुकडे करून ते हलवावं लागलं.

म्हणून टेपला खडू लावा, टेपच्या टोकाचं वजन (लोलक) तळाला टेकल्याचं हाताला जाणवू द्या, ओली रेघ वाचा. तळ नीट लागला का हे पाइपच्या पूर्ण उंचीशी ताडून बघा. गाळ साचला असेल तर माप कमी येतं. जहाज मागच्या बाजूला जास्त बुडालेलं किंवा कललेलं असेल तर तक्त्यातून दुरुस्ती करा. आणि माप घेता आलं नाही तर त्या चौकटीत "घेतलं नाही" असं लिहा. चीफ ओरडेल. ओरडू दे.

ट्रेनिंग बुकच्या भरलेल्या उत्तरांच्या पीडीएफ फिरतात, त्याही याच जातीच्या. ओरल्सला (तोंडी परीक्षेला) परीक्षक दुसऱ्या प्रश्नात पकडतो. जॉइनिंगसाठी पैसे मागणाऱ्या एजंटबद्दल तर बोलायलाच नको. नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेणं बेकायदा आहे. आई-वडिलांना हे आधी सांगा, कारण तो फोन त्यांनाच करतो.

एवढं वाचून घाबरला असाल तर ऐका: त्या रात्री चीफनी मला घरी पाठवलं नाही. गाड्या हलवायला लावल्या, माप परत घ्यायला लावलं आणि जेवण झाकून ठेवायला सांगितलं. चौथ्या आठवड्यापर्यंत जिन्यांची सवय होते, गुडघेही तक्रार थांबवतात. आता मी थर्ड मेट (कनिष्ठ डेक अधिकारी) आहे. लोडिंग सुरू व्हायच्या आधी प्रत्येक साउंडिंग पाइपवर नारिंगी कोन उभा करतो. ड्रायव्हर वैतागतात.

आणि खडू घरूनच न्या. जहाजावर तो हवा तेव्हा कधीच सापडत नाही.