ग्लेझ करताना या चुका टाळा

ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेचा लेप. शिकायला येणारी पोरं भट्टी उघडली की ग्लेझच्या चाचणीची टाइल उन्हात धरतात आणि म्हणतात, "चकाकलं, झालं." नाही झालं. काच झाली म्हणून ती टिकेल असं नाही.

माझ्याच हातून हे घडलंय. शेजारच्या काकूंना लिंबाच्या लोणच्यासाठी बरणी दिली होती. हिरवा गडद यावा म्हणून कॉपर कार्बोनेट, म्हणजे तांब्याची रंग देणारी पूड, 6 टक्के घातलं, आणि मऊ, बिनचकाकीचा मॅट पोत हवा म्हणून क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाची पूड, कमी केलं. दीड महिन्यानं काकू बरणी घेऊन दारात. "पाय नं बापू, लोणच्यानं बरणी खाल्ली." लोणचं होतं तिथपर्यंत आतला हिरवा पांढुरका, खरबरीत. तो रंग लोणच्यातच गेला होता. सगळं पुरलं, काकूंची माफी मागितली. काचेला घट्ट करणारे सिलिका-अॅल्युमिना कमी असलं की काच तांब्याला धरून ठेवत नाही. आता प्रत्येक नव्या टाइलवर लिंबाची फोड झाकून 24 तास ठेवतो, दुसरी टाइल व्हिनेगरमध्ये 3 दिवस. रंगात जरा फरक दिसला की ते ग्लेझ फक्त कुंडीला. फरक दिसला नाही तरी खाण्याच्या भांड्याला आतून बिनरंगी ग्लेझच देतो. शिसं तर घरात आणूच नका.

दुसरी चूक राखेची. "राख ती राख" म्हणणाऱ्याचा मला राग येतो. धानाच्या तुसाची राख म्हणजे बहुतेक सिलिका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, राखेत चुना आणि पोटॅश, ती ग्लेझ वितळवते. एकीच्या जागी दुसरी घातली तर ग्लेझ कोरडं राहतं, नाहीतर ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटतं. ढीग बदलला तरी फरक पडतो. मी पोतंभर राख एकदमच चाळून एकत्र करतो. ती संपली की चाचण्या पहिल्यापासून.

चमच्यानं मोजू नका, काटा घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. टाइल उभी भाजा, आडवीवर ओघळ कळत नाही. बिस्किट भांडं, म्हणजे ग्लेझ देण्याआधी एकदा भाजलेलं, ओल्या स्पंजनं पुसा, धुळीवर ग्लेझ आकसतं. केसासारख्या भेगांची जाळी पडली तर क्वार्ट्झ थोडं थोडं वाढवा. भाजण्याची घाई हे त्याचं कारण क्वचितच असतं.

आणि आपल्याकडचा मे महिना. उघड्या बादलीतलं पाणी दुपारपर्यंत उडतं, सकाळचं ग्लेझ संध्याकाळी जाड बसतं. 100 मिली ग्लेझ तोला. माझं 145 ग्रॅम भरतं. जास्त भरलं तर पाणी घाला, ढवळा, पुन्हा तोला.