कमी बजेटची फिल्म: काय विकत घ्यायचं, काय भाड्याने आणायचं

कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघणं जरा थांबवा आणि आधी कॅलेंडर काढा. पुढच्या वर्षभरात शूटचे दिवस किती ते मोजा, मनातले नाही हं, स्क्रिप्ट तयार आहे आणि कलाकारांनी तारखा दिल्यात तेवढेच. मग वस्तूच्या किंमतीतून ती पुढे विकल्यावर जे मिळतील ते वजा करा आणि उरलेल्या रकमेला एका दिवसाच्या भाड्याने भागा. समजा उत्तर ४० दिवस आलं आणि तुमचं शूट वर्षाला ८ दिवस, म्हणजे पैसे वसूल व्हायला ५ वर्षं, आणि तोवर कॅमेऱ्याची दोन नवी मॉडेल्स येऊन गेलेली असतात. म्हणून बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, भाड्यानेच आणा असं माझं स्पष्ट मत आहे.

साउंडचं मात्र उलट. बूम माइक (लांब काठीवर लावून कलाकाराजवळ धरतात तो) आणि रेकॉर्डर प्रत्येक शूटला लागतो, नंतर डबिंगला लागतो, पावलांचे, दाराचे आवाज घ्यायला लागतो, आणि चांगला माइक नीट ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. पहिले पैसे तिथे घाला. फक्त रेकॉर्डर ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच त्याला जाणारी वीज, देतो का ते बघून घ्या, बऱ्याच कंडेन्सर माइकना ती लागतेच.

कार्ड आणि हार्ड डिस्कही स्वतःच्याच. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी भरतात, आणि भाड्याचं कार्ड परत द्यायच्या घाईत कॉपी करताना एखादा फोल्डर राहिला तर तो सीन गेलाच.

लेन्स घ्यायची असेल तर माउंट बघा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर जिथे अडकते ती जागा. कॅननची जुनी ईएफ माउंटची लेन्स अडॅप्टर लावून सोनीच्या ई माउंटवर बसते कारण ईएफ माउंटचं सेन्सरपासूनचं, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपासूनचं, अंतर ४४ मिमी आणि ई चं १८, मधली जागा अडॅप्टर भरतो, पण उलटं जमत नाही. एकाच शॉटसाठी लागणारी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून शूट करायची), गिंबल (हलताना कॅमेरा स्थिर ठेवणारा), मोठे लाइट हे सगळं भाड्याने. आठवड्याचं भाडं विचारा, पुष्कळ ठिकाणी ते तीन-चार दिवसांएवढंच असतं.

आणि सामान ताब्यात घेताना तिथेच उभं राहून सगळं जोडून बघा. मी एकदा ट्रायपॉड बॅगेसकट उचलून आणला, लोकेशनवर उघडला तर हेडवरची प्लेटच नाही, कॅमेरा बसवायचा कशावर? सकाळचा कोवळा उजेड होता, त्या उजेडासाठीच सगळे पहाटे उठून आले होते, प्लेट मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि तो सीन राहिलाच. तेव्हापासून प्लेट, चार्जर, सगळ्या बॅटऱ्या, लेन्सची दोन्ही झाकणं मोजतो, काचेवर टॉर्च मारून ओरखडे बघतो, असतील त्यांचे तिथल्या माणसासमोरच फोटो काढतो आणि एक मिनिटाची क्लिप शूट करून हेडफोन लावून ऐकतो. पंधरा मिनिटं जातात.