फ्रीसिव्हमध्ये सरकार बदलताय? आधी या चुका टाळा

दर उन्हाळ्यात मी तेच बघतो. पेपर संपले की गावातले पोट्टे दुपारी अभ्यासिकेत जमतात, कूलरसमोरची जागा धरतात आणि फ्रीसिव्ह सुरू होतं, म्हणजे शहरं वसवून आपलं राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव कापूस-तुरीचं. मे महिन्यात शेतात नांगरटीपलीकडे फारसं काम नसतं आणि बारा ते पाच घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते. अभ्यासिकेतले सहा जुने कॉम्प्युटर वायरने जोडलेत, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी सहा जण एकाच नकाशावर खेळू शकतात. डेन्मार्कच्या आर्हूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी हा गेम लिहिला आणि १९९६ च्या जानेवारीत फुकट वाटला. तो अजूनही फुकट आहे आणि आमच्या असल्या मशीनवरही मुकाट चालतो.

पण शहरं आणि सरकार सांभाळताना होणाऱ्या चुका दरवर्षी त्याच असतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आम्ही क्लासिक रूलसेटवर (नियमांच्या संचावर) खेळतो, खालचे आकडे त्याचेच आहेत. दुसरा रूलसेट घेतला असेल तर गेमच्या मदतीत सरकारांचं पान उघडून आकडे ताडून घ्या.

डेमोक्रसी म्हणजे वरचा वर्ग नाही

नवीन पोरांना सरकारं शाळेच्या वर्गांसारखी वाटतात. डिस्पॉटिझम (हुकूमशाही) पहिली, मोनार्की (राजेशाही) दुसरी, रिपब्लिक (प्रजासत्ताक) तिसरी, डेमोक्रसी (लोकशाही) चौथी. वरच्या वर्गात गेलं की हुशार झालो, असा समज. बँकिंग आणि इन्व्हेन्शन हे दोन शोध हातात आले रे आले की डेमोक्रसीचा शोध लावतात आणि त्याच टर्नला (खेळीला) सरकार बदलायचं, म्हणजे क्रांतीचं बटन दाबतात. आपली शहरं त्या सरकारचा भार सोसतील का, हे एकही जण बघत नाही.

मीही बघितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा गेम आठ रात्री चालला होता आणि मी पुढे होतो. समुद्राकाठच्या एका शहरात माझं उत्पादन सगळ्यात जास्त, म्हणून सगळं आरमार तिथेच बांधलं: ४ फ्रिगेट (लढाऊ जहाजं) आणि त्यांच्यावर चढवलेले २ कॅटापुल्ट (दगडफेकी यंत्रं). हे सगळं समोरच्या बेटाकडे निघालेलं असताना मी डेमोक्रसी घेतली. टॅक्सचा दर ९० टक्क्यांपर्यंत नेता येतो, भ्रष्टाचार जातो, शत्रूला आपली शहरं पैसे देऊन फोडता येत नाहीत. एवढं वाचलं होतं आणि तेवढ्यावरच खूश होतो.

न वाचलेली ओळ अशी होती: डेमोक्रसीत शहराबाहेर असलेलं प्रत्येक लढाऊ युनिट त्याच्या मूळ शहरातले दोन नागरिक नाराज करतं. सहा युनिटं, सहा दुणे बारा. शहर होतं ११ लोकवस्तीचं. जहाजं कुठल्या समुद्रात फिरताहेत याला काही किंमत नाही, नाराजी घरीच येऊन बसते. शहरात डिसऑर्डर झाली. डिसऑर्डर म्हणजे त्या शहरातून टॅक्स नाही, सायन्स नाही, शिल्लक उत्पादन नाही. संदेशांच्या खिडकीत ते आलं होतं. मी बेटावर उतरायची जागा शोधत होतो, संदेश वर सरकवला आणि पुढे गेलो. दुसऱ्या टर्नलाही तेच केलं.

डेमोक्रसीत एखादं शहर दोन टर्नांपेक्षा जास्त काळ डिसऑर्डरमध्ये राहिलं तर आख्खं सरकार कोसळतं. तेच झालं. पडद्यावर अनार्की (अराजक) आली आणि माझं सगळं सायन्स शून्यावर गेलं. बाजूच्या मशीनवर गावातलाच एक धाकटा पोरगा खेळत होता. तो माझा स्क्रीन बघून म्हणाला, "दादा, तुमचं सरकार पडलं ना?" मी काही बोललो नाही. अनार्की चार टर्न चालली. तेवढ्यात त्याने उत्तरेकडून माझी दोन शहरं घेतली, कारण रक्षणाला ठेवायची युनिटं मी जहाजांवर चढवून नेली होती. आठ रात्रींचा गेम तिथेच हातातून गेला.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. क्रांतीचं बटन दाबण्याआधी वहीचं एक पान घेतो. लढाऊ युनिट कोणकोणत्या शहराचं आहे आणि आत्ता कुठे आहे, ते लिहितो. जे बाहेर आहे ते शहरात आणतो, नाहीतर आपल्या शहरापासून तीन टाईलच्या (नकाशावरच्या चौकोनांच्या) आत किल्ला बांधून त्यात बसवतो. तिथे ते आक्रमक धरलं जात नाही. एकाच शहराच्या माथी सगळं आरमार असेल तर काही युनिटं दुसऱ्या शहरात नेऊन त्यांचं मूळ शहर बदलतो. मगच क्रांती. आणि लढाई खरंच समुद्रापार न्यायची असेल, तर डेमोक्रसी घेतच नाही. मोनार्कीत किंवा कम्युनिझममध्ये ही नाराजी नसते. रिपब्लिकमध्ये ती प्रत्येक युनिटमागे एक असते, म्हणजे डेमोक्रसीच्या निम्मी. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला लढायचं आहे त्याने लढाईला झेपणारं सरकार घ्यावं.

मोनार्कीतून बाहेर पडतानाही अशीच एक खाच आहे. मोनार्कीत शहरात बसलेली तीन युनिटांपर्यंत पहारा देतात आणि प्रत्येकी एक नाराज माणूस शांत करतात. रिपब्लिक आलं की हा पहारा संपतो. काल शांत असलेलं शहर आज पेटतं आणि पोरगं मला विचारतं, "दादा, मी तं काहीच केलं नाई, मंग हे काऊन झालं?" शहराच्या खिडकीत नागरिकांच्या समाधानाचा टॅब आहे. लक्झरीने (लोकांना खूश ठेवायच्या खर्चाने) किती शांत झाले, इमारतींनी किती, युनिटांनी किती, हे ओळीने दाखवलेलं असतं. युनिटांच्या ओळीने जितकी माणसं शांत झालेली दिसतात, तितक्यांची सोय टेंपल किंवा लक्झरीने आधीच करून ठेवा.

रस्ते नसताना रिपब्लिक घेऊ नका

रिपब्लिकमध्ये ट्रेड (ज्यातून टॅक्स, सायन्स आणि लक्झरी निघते) वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं. कुठे वाढतो, ते फार थोडे बघतात. ज्या टाईलवर आधीच किमान एक ट्रेड आहे, तिथेच एक जास्त मिळतो. कोऱ्या गवताळ टाईलवर ट्रेड शून्य, म्हणजे रिपब्लिकमध्येही शून्यच. रस्ता टाकला तर एक होतो आणि रिपब्लिकमध्ये त्याचे दोन होतात. समुद्राच्या टाईलवर मुळात दोन असतात, तिथे तीन. म्हणून किनाऱ्यावरच्या शहरांना रिपब्लिक लगेच फळतं. आतल्या शहरांनी आधी वर्करकडून रस्ते करून घ्यावेत.

उलट डिस्पॉटिझममध्ये लोक गवताळ जमिनीला पाणी देत बसतात. आमच्याकडची पोरं तर हमखास देतात. विहिरीला पाणी लागलं की ओलित करायचं, हे लहानपणापासून बघितलेलं असतं. पण डिस्पॉटिझममध्ये एखाद्या टाईलवर दोनपेक्षा जास्त काही पिकलं की त्यातलं एक कापलं जातं. गवताळ टाईलचं अन्न दोन, पाणी दिल्यावर तीन, कापून पुन्हा दोन. वर्करची मेहनत फुकट. मैदानी टाईलचं अन्न एक असतं, पाण्याने त्याचे दोन होतात आणि ते कापले जात नाहीत. म्हणून सुरुवातीला पाणी मैदानाला आणि रस्ता गवताळाला. मोनार्की आली की मग गवताळाला पाणी द्या.

रिकाम्या पेटीवर खरेदी

या चुकीवर मी खरंच चिडतो, कारण ती निव्वळ अधीरपणाची आहे. मागच्या महिन्यात माझा पुतण्या माझ्या शेजारी बसून खेळत होता. शहरात एक इमारत पूर्ण झाली, त्याने लगेच ८० शील्डची (शील्ड म्हणजे शहराचं उत्पादन मोजायचं एकक) दुसरी लावली आणि पुढच्याच क्षणी खरेदीचं बटन दाबलं. ९६० गोल्ड. तिजोरीत हजाराच्या थोडे वर होते. मी हात धरायच्या आत गेले.

हिशोब असा आहे. उरलेल्या शील्डची दुप्पट, अधिक उरलेल्या शील्डचा वर्ग भागिले वीस. ८० उरले असतील तर १६० अधिक ३२०, म्हणजे ४८०. पण पेटीत, म्हणजे त्या कामासाठी साठलेल्यात, एकही शील्ड नसेल तर या रकमेची दुप्पट लागते, म्हणून ९६०. तेच शहर टर्नला १० शील्ड काढत होतं. एक टर्न थांबला असता तर ७० उरले असते: १४० अधिक २४५, म्हणजे ३८५. चार टर्न थांबला असता तर ४० उरले असते आणि १६० मध्ये काम झालं असतं. युनिट विकत घ्यायचं तर ही रक्कमही दुप्पट होते.

मी त्याला गेम थांबवून हे गणित वहीत करायला लावलं. त्याने तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. आता तो प्रत्येक शहरात नवीन काम लावून एक टर्न सोडतो आणि मगच किंमत बघतो. शत्रू दारात आला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा जे पडेल ते द्या आणि शहर वाचवा.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे मधेच मन बदलणं. इमारतीसाठी साठवलेले शील्ड युनिटकडे किंवा वंडरकडे (पिरॅमिडसारख्या मोठ्या वास्तूकडे) वळवले की निम्मे जातात. इमारतीवरून इमारतीवर गेलं तर काही जात नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शहर ८ लोकवस्तीवर अडलं आणि धान्य वाया जातंय, तर अॅक्विडक्ट (पाणी आणणारा कालवा) हवा; १६ वर अडलं तर सुएर (सांडपाण्याची गटारं). आठला पोहोचायच्या दोन-तीन टर्न आधीच काम लावा.

राजधानीपासून लांबच्या शहरात ट्रेड दिसतो, पण भ्रष्टाचारामुळे हातात येत नाही. तिथे लायब्ररीच्या आधी कोर्टहाऊस बांधा.

वर्करला ऑटोवर टाकून मोकळं होणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: पहिली पाच शहरं होईपर्यंत हाताने चालवा. कुठे रस्ता हवा आणि कुठे पाणी, हे त्याशिवाय कळत नाही. शहराचा कारभार आपोआप चालवणारा गव्हर्नरही तसाच. त्याला दिलेली अट पुरी होईनाशी झाली की तो संदेश देऊन कारभार सोडतो, आणि तो संदेश न वाचणारे मग रिकाम्या धान्यकोठाराकडे बघत बसतात.

डिसऑर्डर आली की सगळ्यात आधी लक्झरीचा दर वाढवा, इमारतीचा विचार नंतर. दोन लक्झरीत एक माणूस खूश होतो. दर वाढवायचा नसेल तर त्या शहरातला एक माणूस शेतातून काढून एंटरटेनर (करमणूक करणारा) करा, तो दोन लक्झरी देतो. अन्न कमी पडेल, पण सरकार उभं राहील.

आणि एफ-४ दाबायची सवय लावा. सगळी शहरं एका यादीत येतात आणि कुठे गडबड आहे ते तिथेच दिसतं. मी आता प्रत्येक टर्न संपवायच्या आधी ती यादी वरून खालपर्यंत एकदा बघतो. पुतण्याही बघतो, बोट स्क्रीनला लावून, एकेक शहराचं नाव मोठ्याने वाचत.