शिपिंगचे दर लावण्याआधी: खोकं बंद करा, मग मोजा

ऑनलाइन दुकानाचे फोटो चढलेत, किमती टाकून झाल्यात, पेमेंट चालू झालंय आणि शिपिंगचं पान तेवढं राहिलंय. ते शेवटच्या रात्री उरकू असं मनात असेल, तर कृपया तसं करू नका. या पानावरचा एक चुकीचा आकडा प्रत्येक ऑर्डरमागे नफा खात राहतो, आणि ते कळतं कुरिअरचं बिल हातात पडल्यावर.

काटा, मोजपट्टी, कुरिअरचं ताजं रेट कार्ड, रिकामी खोकी आणि पॅकिंगचं सगळं सामान जवळ घ्या. प्रत्येक वस्तूचं पॅकिंगसकट वजन वेबसाइटवर भरा. रकाना रिकामा ठेवलात तर ते वजन शून्य धरलं जातं, आणि वस्तू सर्वांत स्वस्त स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या वजन-टप्प्यात, जाऊन बसते.

आता ती गोष्ट, जी मागच्या वेळी माझ्याकडून राहिली आणि जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. वस्तू मोजू नका, पार्सल मोजा. आणि पार्सलचं नुसतं वजन नको, लांबी, रुंदी, उंचीही हवी. कुरिअर प्रत्येक पार्सलची दोन वजनं धरतं: काट्यावरचं आणि व्हॉल्यूमेट्रिक, म्हणजे खोक्याच्या आकारावरून काढलेलं. त्यातलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. व्हॉल्यूमेट्रिक वजन काढायला तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं, की किलो मिळतात. काही सेवा ६००० ने भागतात, काही ४००० ने. तुमच्या रेट कार्डावर कोणता आकडा आहे ते आत्ताच शोधून ठेवा, बारीक अक्षरांत असतो.

एक कागदी लॅम्पशेड घ्या. बबल रॅप, खोकं, टेप सगळं धरून काट्यावर १.१ किलो. खोकं ४० × ३० × ३० सेंमी. गुणाकार ३६,०००, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. अर्ध्या किलोच्या स्लॅबने बिल येणार ७.५ किलोचं. तुम्ही ग्राहकाकडून दीड किलोचे घेतलेत. उरलेल्या सहा किलोंचे पैसे कोण भरणार?

आणि ही मापं खोक्यावर छापलेली असतात तीच लिहून मोकळे होऊ नका. वस्तू आत घातली, कोपऱ्यांत कागद कोंबला, टेप ओढून लावली, की खोक्याच्या भिंती बाहेर येतात आणि झाकण मध्ये उचललं जातं. हात फिरवून बघा, फुगवटा बोटांना लागतो. कुरिअरचं मशीन सर्वांत पुढे आलेल्या टोकापासून मोजतं. त्याच खोक्याची तिन्ही मापं एकेका सेंमीने वाढली तर ४१ × ३१ × ३१ होतात, म्हणजे जवळपास ७.९ किलो, आणि बिल आठ किलोचं. एका सेंटिमीटरच्या फुगवट्याचे अर्धा किलो. म्हणून टेप मारून झाल्यावर मोजा. आधी नाही.

उलट दिशेनेही हे चालतं. तीच लॅम्पशेड २५ सेंमी उंचीच्या खोक्यात सुरक्षित बसली, तर हिशोब बरोबर ६ किलोवर येतो. दर ठरवण्याआधी खोकी ठरवा: तीन-चार आकार पक्के करा आणि कोणती वस्तू कुठल्या खोक्यात जाते ते लिहून ठेवा. सगळ्यांना एकच मोठं खोकं वापरणं म्हणजे हवेचं भाडं भरणं.

पुढची अडचण अशी की साध्या वजनाच्या दरांमध्ये कार्टला खोकं कळत नाही. ते फक्त वस्तूंच्या वजनांची बेरीज करतं. हलक्या पण मोठ्या वस्तूंसाठी दोन उपाय आहेत. एक, वजनाच्या रकान्यात बिलाचं वजन टाकायचं, म्हणजे वरच्या उदाहरणात ७.५. मात्र पार्सलवरचं लेबल त्याच सिस्टिममधून काढत असाल तर तिथेही तोच आकडा उमटेल, तो दर वेळी दुरुस्त करावा लागेल. दुसरा उपाय मला जास्त पटतो: अशा वस्तूंचा वेगळा गट करून त्याला वेगळा दर. ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी वूकॉमर्समध्ये त्यासाठी शिपिंग क्लास आहे, शॉपिफायमध्ये शिपिंग प्रोफाइल. पण शॉपिफायमध्ये दोन प्रोफाइलमधल्या वस्तू एकाच कार्टमध्ये आल्या की दोन्ही दरांची साधारणपणे बेरीज होते. ग्राहकाला तो आकडा अवाजवी वाटतो आणि तो न बोलता निघून जातो. मिश्र कार्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

झोन, म्हणजे एकच दर लागणारे भाग, कमी ठेवा. रेट कार्डात जितके खरोखर वेगळे दर आहेत तितकेच. वूकॉमर्स झोन वरून खाली वाचतं आणि पहिला जुळणारा लावतं, त्यामुळे लहान भागाचा झोन वर, मोठ्याचा खाली. क्रम चुकला तर दुर्गम भागाचा जास्तीचा दर कधीच लागत नाही.

स्लॅबच्या कडा नीट जुळवा. एक स्लॅब १ किलोला संपला आणि पुढचा १.१ पासून सुरू झाला, तर १.०५ किलोच्या ऑर्डरला दरच सापडत नाही आणि चेकआउट अडतं. सर्वांत वरचा स्लॅब एक तर उघडा, म्हणजे वरच्या मर्यादेशिवाय, ठेवा, नाहीतर विचार करून बंद करा. आणि हे स्लॅब कोणत्या वजनावर? पॅक केलेल्या पार्सलच्या. पुन्हा सांगतेय, कारण इथे पोचेपर्यंत माणूस थकतो आणि पुठ्ठ्याचं वजन विसरून वस्तूच्या वजनावर स्लॅब पाडतो.

रेट कार्डातला दर हा मूळ दर असतो. त्यावर इंधन अधिभार, दुर्गम भागाचा अधिभार, कर. इंधनाचा टक्का सतत बदलतो, त्यामुळे थोडी जागा सोडा.

मोफत शिपिंग देणार असाल तर मर्यादा तुमच्या नेहमीच्या ऑर्डरपेक्षा थोडी वर ठेवा, अवजड वस्तू त्यातून वगळा, आणि ही मर्यादा कूपनच्या आधीच्या रकमेवर मोजायची की नंतरच्या, ते सेटिंग बघा. परतीच्या पार्सलचा खर्च कोणाचा, ते आत्ताच लिहून टाका.

परदेशी पाठवायचं नसेल तर ते झोन बंद करा, अर्धवट उघडे ठेवू नका. पाठवायचं असेल तर मालाचा प्रकार सांगणारा सहा अंकी एचएस कोड, कस्टम्सचं घोषणापत्र, आणि आयात कर कोण भरणार हे चेकआउटवर स्पष्ट. जुन्या सवलतींवर विसंबू नका: युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतची व्हॅट सूट १ जुलै २०२१ पासून काढली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूंचे नियम वेगळे आहेत, कुरिअरला आधी विचारा.

मग चाचणी. सर्वांत हलकी वस्तू, सर्वांत जड, सर्वांत फुगीर, मिश्र कार्ट, लांबचा पत्ता, सेवा नसलेला पत्ता. प्रत्येक वेळी चेकआउटच्या शेवटच्या पायरीपर्यंत जा.

दुकान सुरू झालं की पहिल्या काही बिलांतला आकारलेल्या वजनाचा रकाना तुमच्या यादीशी ताडून बघा. तफावत दिसली तर आधी ते खोकं पुन्हा मोजा, दर त्यानंतर बदला. मोजलेल्या पार्सलचा मोजपट्टीसकट फोटो ठेवा, वजनावरून वाद झाला तर तोच कामी येतो.