मॅन्युअल मोडमध्ये काटा शून्यावर आणूनही फोटो का गंडतो?

कॅमेऱ्याच्या मॅन्युअलवर (सगळी सेटिंग आपणच ठरवायची तो मोड) नवीन असताना सगळे एकच करतात, मीटरचा (कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र) काटा शून्यावर आणायचा नि क्लिक. मीपण कितीतरी महिने तेच केलं, मग एकदा पांढऱ्याशुभ्र मांजराचा फोटो काढला आणि ते चुलीत लोळून आल्यासारखं राखाडी दिसायला लागलं.

मीटरला मांजर-बिंजर काही कळत नाही हो. त्याला फक्त समोरून येणारा उजेड कळतो, आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे (साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं) असं धरून तो चालतो. म्हणजे पांढऱ्याला काळवंडवतो, काळ्याला उजळवतो.

सुरुवातीला ऑटो आयएसओ (आयएसओ म्हणजे फोटो किती उजळवायचा ते सेटिंग, ऑटोला ते कॅमेराच ठरवतो) बंद करा, नाहीतर तुम्ही शटर (किती वेळ उजेड आत येतो ते) बदलाल आणि कॅमेरा गुपचूप आयएसओ फिरवून ब्राइटनेस होता तिथेच आणून ठेवेल. मग फोटोला काय हवंय ते ठरवा, हलणारं काही असेल तर आधी शटर, मागचं ब्लर हवं असेल तर आधी अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते, एफचा आकडा), आयएसओ शेवटी, जेवढा लागेल तेवढाच.

आता ते मांजर परत घेऊ. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या भागाचा उजेड मोजणं) लावून त्याच्या अंगावर मीटर केलं, समजा आयएसओ ४००, एफ ४, शटर १/२५० सेकंदाला काटा शून्यावर आला. पण हे पांढरं आहे ना, म्हणून शटरचं डायल चार खटके मागे, २००, १६०, १२५, १००. तीन खटक्यांचा एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा (बहुतेक कॅमेऱ्यांत सेटिंग असंच असतं), म्हणजे काटा +१ च्या जरा पुढे गेला आणि मांजर पांढरं आलं. चुळबुळ करत असेल तर शटर २५० लाच ठेवा आणि तेच चार खटके आयएसओवर द्या, १००० होईल. काळं कुत्रं असेल तर उलट, काटा -१ च्या आसपास.

अंधारात मागच्या स्क्रीनवर अजिबात विश्वास ठेवू नका, डार्क फोटोही तिथे झकास दिसतो. हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा डोंगरासारखा आलेख) बघा. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेलाय म्हणजे पांढऱ्यातला डिटेल गेला, मग एकदोन खटके कमी करून परत काढा. सूर्य किंवा दिव्याची चमक जळाली तर जळू दे, ती कोण वाचवत बसणार.

भर उन्हात मीटर नसला तरी चालतं, एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, आयएसओ १०० ला १/१००.

आणि एकदा सेट झालं की उजेड बदलेपर्यंत हात लावू नका. काळ्या कोटातला माणूस गेला नि त्याच जागी पांढऱ्या ड्रेसमधली बाई आली तर काटा उड्या मारेल, मारू दे, दोघांवरचा उजेड तोच आहे.