प्लँट ट्रायल घेताय? मग या चुका टाळा

आपल्या सोलापूरखाली सगळा बसाल्ट, तांबं-जस्त असलं काही निघत नाही, तरी इथली केमिकल, मेकॅनिकलची पोरं मलांजखंड, जावर, रामपुरा आगुचाच्या खाणींवर कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे दळलेल्या ओअरमधलं (कच्च्या खनिजातलं) धातूचं खनिज फेसावर तरंगवून वेगळं काढणाऱ्या फ्लोटेशन प्लँटवर, नोकरीला जातात आणि दिवाळीत घरी आली की प्रश्न ठरलेला. लॅबमध्ये रिकव्हरी (ओअरमधला किती टक्के धातू हाती आला ते) मस्त आली, प्लँटवर तीच रेसिपी चालेना, रिएजंट, म्हणजे फ्लोटेशनचं रसायन, डुप्लिकेट असेल का? असतंही कधीकधी. पण आधी सॅम्पल कोण घेतं आणि कसं घेतं ते बघा, कारण माझ्या मते निम्म्या ट्रायल तिथंच वाया जातात.

आता टेलचंच, म्हणजे माल काढून घेतल्यावर उरलेल्या गाळाचंच बघा. फीडमध्ये (आत जाणाऱ्या ओअरमध्ये) १ टक्का तांबं, कॉन्सन्ट्रेट (वेगळा निघालेला माल) २५ टक्क्यांचं आणि टेल ०.१० टक्के असेल तर दोन-प्रॉडक्ट फॉर्म्युल्याने रिकव्हरी येते ९०.४. टेल ०.१२ धरली, बाकी सगळं तेच, तर तीच रिकव्हरी ८८.४. म्हणजे टेलच्या ॲसेमध्ये (धातूच्या तपासणीत) ०.०२ चा फरक पडला की रिकव्हरी दोन टक्के इकडची तिकडे, आणि नवीन कलेक्टर (खनिजाला बुडबुड्यावर चिकटवणारं रिएजंट) विकणारा माणूस छाती ठोकून सांगत असतो ती वाढ पण साधारण दोनच टक्क्यांची! मग ती वाढ रिएजंटची का सॅम्पलची, सांगा बरं. आणि टेल घेतात कशी, तर लाँडरमध्ये (वाहत्या पन्हाळीत) वरच्यावर मग बुडवून. जाड कण तळाशी वाहतात, त्यांच्यात अडकून राहिलेलं तांबं मगमध्ये येतच नाही, टेल कमी दिसते, रिकव्हरी फुगते आणि सगळे खूश. सॅम्पल घ्यायचा कटर पूर्ण धारेतून आडवा, एकाच वेगाने जायला पाहिजे आणि त्याचं तोंड सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान तिप्पट रुंद पाहिजे. रात्रपाळीत तर दर तासाची सॅम्पल पहाटे एकदम भरली जातात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही, त्यामुळे जमलं तर ऑटो सॅम्पलरच लावा, नाहीतर रात्री स्वतः एक चक्कर मारा.

दुसरी चूक पाण्याची. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याला हे शिकवावं लागत नाही, लॅब डिपमध्ये जुळलेली शेड मोठ्या मशीनवर जशीच्या तशी येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फ्लोटेशनचं तेच आहे. लॅबमध्ये नळाचं पाणी, प्लँटवर टेलिंग डॅमवरून परत आलेलं, त्यात चुन्याचं कॅल्शियम, उरलंसुरलं झँथेट (नेहमीचा कलेक्टर), फ्रॉदर (फेस आणणारं रसायन), काय काय. शिसं-जस्ताच्या प्लँटमध्ये तर जस्त उचलायला टाकलेल्या कॉपर सल्फेटचं तांबं पाण्याबरोबर शिशाच्या सर्किटमध्ये आलं की तिथंच जस्त तरंगायला लागतं, मग ते दाबायला झिंक सल्फेट आणि सायनाईड वाढवत बसा. म्हणून लॅब टेस्ट प्लँटच्याच पाण्यात करायची. आणि एकदाच करून सोडून द्यायची नाही, मिडलिंग (अर्धवट सुटलेला मधला माल) पुढच्या टेस्टमध्ये परत फिरवत लॉक्ड सायकल घ्यायची, कारण प्लँटवर क्लीनरच्या (माल पुन्हा साफ करणाऱ्या टप्प्याच्या) टेल फिरून फिरून येतच असतात. ओअर पण ताजं पाहिजे, पावसाळाभर पोत्यात पडलेल्या सल्फाईडचा पृष्ठभाग ऑक्सिडाईज होतो आणि मग ते नीट तरंगत नाही.

आधी महिनाभर जुनं रिएजंट, मग महिनाभर नवीन, ही पद्धत तर अजिबात नको. तेवढ्या दिवसात खाणीत दुसरा बेंच (खोदायची पायरी) सुरू झालेला असतो, फीडचा ग्रेड बदललेला असतो, तुलना कशाशी करणार? जुनं-नवीन आलटून पालटून चालवा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि बदल केल्यावर सर्किट धुऊन निघेपर्यंतचे आकडे धरू नका. दोन लाईन शेजारीशेजारी असतील तर अजून सोपं, एकीवर जुनं दुसरीवर नवीन आणि अर्ध्यावर अदलाबदल, कारण फ्लोटेशन सेलच्या दोन बँका (रांगा) दिसायला सारख्या असल्या तरी एकीची हवा नेहमी कमीच असते.

त्यात मध्येच वरून फोन येतो, टनेज वाढवा. मिलला जास्त फीड म्हणजे दळण जाड, जाड म्हणजे लिबरेशन (खनिज दगडातून सुटं होणं) कमी, आणि रिकव्हरी पडली की खापर रिएजंटवर. त्यामुळे टनेज आणि ग्राईंडचं पी८० (८० टक्के माल ज्या मापाच्या चाळणीतून जातो ते माप) दर शिफ्टला लिहून ठेवा, ज्या शिफ्टला ते ठरवलेल्या रेंजच्या बाहेर गेलं ती शिफ्ट ट्रायलमधून काढून टाका, साहेब कितीही म्हणाले तरी. बेल्टचा वेटोमीटर (बेल्टवरच्या मालाचं वजन करणारा काटा) ट्रायलच्या आधी कॅलिब्रेट करा.

पीएच प्रोबवर चुन्याचा थर बसतो आणि मीटर आरामात साडेदहा दाखवत राहतो, आत खरं नऊच असतं, पायराईट वर येतं आणि कॉन्सन्ट्रेटचा ग्रेड घसरतो. रोज सौम्य ॲसिडने धुवा, पण प्रोब बाहेर काढून, लांब नेऊन. सायनाईड चालू असलेल्या सर्किटमध्ये ॲसिड गेलं किंवा पीएच खाली आला तर हायड्रोजन सायनाईड गॅस सुटतो, जीव जातो. झँथेटचं सोल्युशन रोज ताजं बनवा, आणि ॲसिडपासून ते पण लांबच, कारण त्यातून सुटणारा कार्बन डायसल्फाईड भयंकर पेट घेतो.

आणि प्रत्येक कॉम्पोझिटचा (शिफ्टभराची सॅम्पल एकत्र करून केलेल्या सॅम्पलचा) अर्धा भाग सीलबंद बाजूला ठेवा. आकडा कोणालातरी पटणार नाहीच, तेव्हा तोच भाग दुसऱ्या लॅबला पाठवता येतो.