लायसन्सवरून अडकवलेला टेम्पोचा क्लेम असा सोडवला

आमच्या ट्रान्सपोर्टचे विम्याचे क्लेम मीच बघतो म्हणून लिहितोय. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर आमचा छोटा टेम्पो पुढच्या कंटेनरवर आदळला, केबिन पार चेपली, ड्रायव्हर थोडक्यात वाचला हे महत्त्वाचं. गाडी हलवायच्या आधी स्पॉट सर्व्हे (विमा कंपनीच्या माणसाकडून जागेवरची पाहणी) करून घेतला, मग पंचनामा, बिल्टी (मालाची पावती), फिटनेस, परमिट सगळं दिलं, तरी विमा कंपनीचं पत्र आलं की ड्रायव्हरकडे नुसतं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स आहे, ट्रान्सपोर्टची नोंद नाही, सबब क्लेम नामंजूर. छोटे मालक इथेच गप्प बसतात आणि हक्काचे पैसे जातात, फार चीड येते.

आरसीत बघितलं तर भरलेल्या गाडीचं वजन ७,५०० किलोच्या आत. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट सांगितलंय की एवढ्या वजनाच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्हीवर चालते, वेगळी नोंद लागत नाही (धोकादायक मालाचं वेगळं). निकाल आणि आरसी जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला, विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर पण नोंदवलं. फाईल परत उघडली, डेप्रिसिएशन (पार्टच्या जुनेपणाची घट) कापून पैसे जमा झाले. नसते झाले तर विमा लोकपालाचं ऑफिस पुण्यातच आहे, तिथे अर्जाला फी लागत नाही.